एनिग्मानू अल्व्हारेझिए

एनिग्मानू अल्व्हारेझिए हा ॲमेझॉन वर्षावनातील, पिक्रॅम्निएसी कुळातील एक लहान वृक्ष आहे. त्याचा पहिला नमुना १९७३ साली गोळा करण्यात आला. मात्र त्याचे कूळ निश्चित होऊन त्याला शास्त्रीय नाव मिळण्यास २०२१ साल उजाडले.

संकलन

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन फॉस्टर यांना हा वृक्ष पेरू देशातील मानू राष्ट्रीय उद्यानात आढळला. त्याची उंची सुमारे ६ मीटर असून फळे नारिंगी, कागदी आकाशकंदिलासारखी दिसतात. स्थानिक माचिगेंगा लोकांना तो परिचित होता. वनस्पतिशास्त्राला मात्र नव्हता.

वृक्षाचा नमुना घेताना पाने आणि फुले किंवा फळे असलेली फांदी कागदांत दाबून वाळवतात व जाड कागदावर चिकटवतात. वृक्षाची उंची, फुलांचा ताजा रंग इत्यादी गोष्टी वाळलेल्या फांदीवरून कळत नाहीत. म्हणून स्थळ, दिनांक व संकलकाच्या नावासह त्यांची नोंद चिठ्ठीवर करतात. दमट वर्षावनात नमुने लवकर कुजतात. त्यामुळे काही वेळा ते वाळवण्यापूर्वी मद्यार्कात भिजवून ठेवतात. परंतु त्यामुळे त्यांतील डीएनएची हानी होते.

ओळख

शिकागो येथील फील्ड म्युझियममध्ये या नमुन्यांचा अभ्यास झाला. त्यांची लक्षणे कोणत्याही एका ज्ञात कुळाशी जुळेनात. वाळलेल्या नमुन्यांतून उपयुक्त डीएनए मिळवण्याचा प्रयत्नही अयशस्वी ठरला. पुढे मानू येथे संशोधन करणाऱ्या पॅट्रिशिया अल्व्हारेझ-लोआयझा यांनी ताजा नमुना मिळवला. त्याच्या डीएनए विश्लेषणातून पिक्रॅम्निएसी हे कूळ पुढे आले. या कुळातील इतर वनस्पतींची पाने संयुक्त असतात, तर या वृक्षाची साधी. त्यामुळे हा निष्कर्ष अनपेक्षित होता. कुळाचे तज्ज्ञ विल्यम वेट थॉमस यांनी अवघ्या काही मिलिमीटरच्या फुलांची तपासणी केल्यावर त्याला पुष्टी मिळाली.

नामकरण

'टॅक्सन' या नियतकालिकात २०२१ साली या वृक्षाचे वर्णन नवी प्रजाती व नवी जाती म्हणून प्रसिद्ध झाले. प्रजातिनामाचा अर्थ 'मानूचे कोडे' असा असून जातिनाम अल्व्हारेझ-लोआयझा यांच्या सन्मानार्थ आहे.

महत्त्व

नाव नसलेल्या जातीचा आढळ नोंदवणे किंवा तिच्या संरक्षणाची स्थिती ठरवणे अवघड असते. या वृक्षाच्या बाबतीत जुने नमुने जतन झाल्यामुळे त्याचे कोडे अभ्यासकांसमोर राहिले, आणि ताज्या नमुन्यामुळे ते सुटले.