नव्वद दिवसांची स्मृती

गेल्या हिवाळ्यात भिलाईच्या रुआबांधा वसाहतीतील एका घरी जाण्याचा योग आला. यजमान पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले मराठी गृहस्थ. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी या चक्रात ज्याचे आयुष्य गेले, त्याला दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाशी कसे जुळवून घेता येणार? चुकलेल्या बातम्या पाहता याव्यात म्हणून त्यांनी आधी व्हीसीआर घेतला. पुढे गच्चीवरील छत्रीची तार संगणकात बसवलेल्या ट्यूनर कार्डाला जोडली. आज त्यांच्या कपाटात हार्डडिस्कची रांग आहे. सह्याद्री वाहिनीचे कार्यक्रम, प्रादेशिक बातमीपत्रे, निवडणुकांच्या निकालांच्या दिवशी रंगलेल्या चर्चा असा तो ऐवज. प्रत्येक डिस्कवर सुवाच्य अक्षरात तारखा लिहिलेल्या.

हा संग्रह एखाद्या ग्रंथालयाला द्यावा, अशी त्यांची इच्छा आहे. एका सार्वजनिक ग्रंथालयाने त्यांना लेखी कळवले, की असे साहित्य स्वीकारण्याची तरतूद नियमांत नाही. शासकीय सेवेत असताना अशी पत्रे मीही लिहिली आहेत; त्यामुळे त्यातील भाषा ओळखीची वाटली. नियमांकडे वळण्यापूर्वी या मुद्रणाचे तंत्र थोडक्यात समजून घेतले पाहिजे.

डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली आणि आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाणारी प्रसार भारतीची सेवा मासिक शुल्काविना मिळते. तिच्यावरील बहुतेक वाहिन्यांना सांकेतिक कुलूप नसते. उपग्रहाकडून आलेला अंकीय प्रवाह ट्यूनर कार्ड जसाच्या तसा डिस्कवर उतरवते, त्यामुळे प्रतीचा दर्जा घटत नाही. प्रवाहाचा वेग सेकंदाला चार मेगाबिट धरला, तर एका तासाला सुमारे 1.8 गिगाबाइट जागा लागते. एक वाहिनी वर्षभर अखंड साठवायची तर सुमारे 16 टेराबाइट. म्हणजे जे काम एकेकाळी मोठ्या संस्थांनाच झेपत असे, ते आता मध्यमवर्गीय घरातील टेबलावर होऊ शकते.

कायद्याने या गृहस्थांना घरापुरती मोकळीक दिली आहे. प्रताधिकार अधिनियम, 1957 च्या कलम 39 नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले मुद्रण प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग ठरत नाही. मात्र खासगी वापराची सवलत मुद्रण करणाऱ्या व्यक्तीपुरती आहे. तो ठेवा सार्वजनिक संस्थेच्या हाती जायचा म्हटले, की प्रश्न उभे राहतात. 2012 च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी अंकीय प्रत साठवण्याची मुभा दिली खरी. पण त्या कृतीची बिगर-अंकीय प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे, अशी अट घातली. जी बातमी जन्मालाच अंकीय रूपात आली, तिची बिगर-अंकीय प्रत आणायची कोठून? प्रक्षेपणावरील हक्क पंचवीस वर्षे टिकतो. घरातील हार्डडिस्क तितकी वर्षे टिकेल, याची हमी कोणीही देणार नाही.

मग हे जतन करण्याची जबाबदारी वाहिन्यांवर आहे काय? केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाहिन्यांनी प्रक्षेपित मजकुराची नोंद 90 दिवस ठेवणे बंधनकारक आहे. तक्रारींच्या चौकशीसाठी ही मुदत उपयुक्त असेल, पण इतिहासाच्या दृष्टीने ती काहीच नाही. पुस्तकांच्या बाबतीत आपण इतके उदासीन नव्हतो. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करणे भाग पाडले. 1956 च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रेही आली. दूरचित्रवाणी मात्र आजही या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. जिल्हा पातळीवरील साप्ताहिकाचा अंक जपणे कायद्याला आवश्यक वाटते. कोट्यवधींनी पाहिलेली चर्चा चौथ्या महिन्यात पुसली गेली, तरी त्याची दखल कोणी घेत नाही.

उपग्रह दूरचित्रवाणी या प्रदेशाला नवी नाही. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या काळात ‘साइट’ प्रयोगातून देशातील सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांना उपग्रहाद्वारे कार्यक्रम दाखवले गेले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर परिसराचाही त्यांत समावेश होता. प्रक्षेपणात आपण इतक्या लवकर उडी घेतली, पण जतनाचा विचार पन्नास वर्षांनंतरही अपुराच आहे.

इतर देशांनी मार्ग काढले आहेत. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने 1968 मध्ये राष्ट्रीय बातमीपत्रे मुद्रित करण्यास आरंभ केला. एका प्रक्षेपण कंपनीने विद्यापीठाला न्यायालयात खेचले. परंतु 1976 च्या प्रताधिकार कायद्यात ग्रंथालयांना बातमीपत्रे मुद्रित करण्याची सवलत मिळाली. फ्रान्सने 1992 च्या कायद्याने आकाशवाणी व दूरचित्रवाणीचे कार्यक्रम सक्तीने जमा करण्याच्या कक्षेत आणले.

आपल्याकडेही तीन गोष्टी करता येतील. 1954 च्या कायद्यात प्रक्षेपणाचा समावेश करून प्रारंभ बातम्या व चर्चांपासून करावा. ग्रंथालयांच्या सवलतीतील बिगर-अंकीय प्रतीची अट काढावी. आणि नागरिकांनी केलेली मुद्रणे स्वीकारण्याची मुभा निवडक ग्रंथालयांना द्यावी. प्रत ग्रंथालयातच पाहता यावी आणि तिचा व्यापारी वापर होऊ नये, एवढी बंधने त्यासाठी पुरेशी आहेत. सर्व वाहिन्यांचे सर्व तास साठवणे खर्चिक आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण निवड करून जपणे वेगळे आणि काहीच न जपणे वेगळे.

मराठी वाचकाला खासगी संग्रहाचे मोल सांगण्याची गरज नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये प्रसिद्ध केला. त्या साधनांचा फार मोठा भाग घराघरांतील दप्तरांतून मिळाला. रुमाल कोणीतरी बांधून ठेवले होते, म्हणून ते वाचता आले. कागद दुर्लक्षातही शे-दोनशे वर्षे तग धरतो. हार्डडिस्कला तेवढी सवड नसते. निरोप घेताना यजमानांनी सांगितले, की त्यांच्या दोन डिस्क यंदा सुरूच झाल्या नाहीत. त्यांच्यावरील तारखांची यादी तेवढी त्यांनी वहीत उतरवून ठेवली आहे.