कोंबडी खुडूक बसली, आता काय करायचं?



सुरू उसाला बारा महिने, अडसालीला सोळा ते अठरा. त्यानंतर तोड, वजन आणि मग बिल. एवढा काळ मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, आजारपणातली गोळी हा किरकोळ खर्च पुष्कळ घरांत परसातल्या आठ-दहा कोंबड्यांवर भागतो. हा पैसा घरच्या लक्ष्मीच्या हातचा. त्याची नोंद कुठल्या वहीत होत नाही, पण तो थांबला की आठवड्याच्या बाजाराला लगेच जाणवतो.

हा पैसा थांबण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे खुडूक कोंबडी. कोंबडी खुडूक होणं हा रोग नव्हे, तिचा तो निसर्गधर्म आहे. नुकसान होतं ते आपण काहीच न ठरवल्यामुळे. तिला नीट रवणात बसवत नाही आणि नीट उठवतही नाही. ती पंधरा-वीस दिवस नुसतीच बसून राहते. अंडी नाहीत, पिल्लेही नाहीत आणि कोंबडी मात्र वाळून जाते. म्हणून कोंबडी खुडूक दिसल्यावर पहिल्या दोन दिवसांत एकच निर्णय घ्यावा : बसवायची की उठवायची.

खुडूक म्हणजे काय?

गावरान कोंबडी साधारण दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचं द्रव्य रक्तात वाढतं. गाई-म्हशींत दुधाशी संबंध असलेलं हेच ते द्रव्य. कोंबडीत ते वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि बसण्याची ओढ लागते. पोटाची पिसं झडतात, तिथली उघडी कातडी गरम लागते, तुरा फिका पडतो. हात जवळ नेला की ती अंग फुगवते, खुडखुड आवाज करते, चोच मारते. दिवसातून एकदा दहा-वीस मिनिटं उठून दाणा-पाणी करते, मोठी व घाण वासाची विष्ठा टाकते आणि पुन्हा बसते. रात्री दांडीवर न जाता जागेवरच राहिली तर ती खुडूक झाली असं पक्कं समजावं.

पोटाला ऊब लागत राहिली, अंधारी जागा आणि खाली अंडी मिळाली, की ही ओढ टिकते. ऊब तुटली की ती उतरते. पुढचे सगळे उपाय एवढ्या एका गोष्टीवर उभे आहेत.

फार्मवरच्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांच्यातली ही सवयच काढून टाकली आहे, त्यांची अंडी यंत्रात उबवतात. आपल्या गावरान कोंबडीने मात्र आईपण सोडलेलं नाही. तो तिचा दोष आहे तसा गुणही आहे.

बसवायची की उठवायची?

बसवावी : घरात कोंबडा असेल (आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो), अंडी ताजी असतील, कोंबडी अंगाने धड असेल, मागच्या वेळी तिने पिल्ले नीट सांभाळली असतील आणि हवा थंड असेल. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

उठवावी : कोंबडा नसेल, कोंबडी अशक्त किंवा पिसवांनी भरलेली असेल, आधीच दोन-तीन बसलेल्या असतील, किंवा चैत्र-वैशाखाचा उकाडा असेल. अंड्याला साधारण साडेसदतीस अंश उष्णता लागते. पत्र्याखाली भर दुपारी त्याहून कितीतरी जास्त होते आणि अंड्यातला जीव मरतो.

हिशेबही पाहावा. उबवणीचे 21 दिवस आणि त्यापुढे पिल्लांमागे सहा ते आठ आठवडे, म्हणजे दोन ते अडीच महिने त्या कोंबडीचं अंडं मिळणार नाही. त्या बदल्यात आठ-नऊ पिल्ले जगून मोठी होणार असतील तर सौदा फायद्याचा. निम्मी घार-मुंगसाने नेली तर तोट्याचा. सगळ्या कोंबड्या बसवल्या तर घरात अंडं दिसणार नाही, सगळ्या उठवल्या तर दोन वर्षांनी खुराडं रिकामं होईल. दोन बसवाव्यात, बाकीच्या उठवाव्यात, हा मध्यममार्ग बरा.

बसवायची असेल तर

1. अंडी सात दिवसांच्या आतली, उन्हाळी हवेत तीन-चार दिवसांच्या आतलीच घ्यावीत. उकाड्यात कोंबडी न बसताही अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. वेडीवाकडी, तडकलेली, फार लहान-मोठी अंडी घेऊ नयेत. मळलेलं अंडं धुऊ नये.

2. दहा ते बारा अंडी पुरे. पंखाबाहेर राहिलेलं अंडं गार होतं. कोंबडी अंडी फिरवत असते, त्यामुळे आज बाहेर राहिलेलं उद्या आत जातं आणि उद्या दुसरं गार पडतं. जादा अंड्यांच्या लोभाने चांगलीही जातात.

3. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवावीत आणि प्रत्येकावर कोळशाने खूण करावी. आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. तोडीच्या दिवसांत घरची सगळी माणसं फडात, आणि दुसऱ्या कोंबड्या येऊन त्याच टोपल्यात अंडी घालतात. मग एकविसाव्या दिवशी चार पिल्ले निघतात, आई त्यांना घेऊन उठते आणि उरलेली अर्धी भरलेली अंडी वाया जातात. रोज ती उठली की बिनखुणेची अंडी काढून घ्यावीत.

4. टोपलं शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात, उंदीर-मांजर-मुंगसापासून लांब ठेवावं. खाली थोडी माती, वर कोरडा पेंढा किंवा चुरलेलं मऊ पाचट घालावं. बुरशी आलेलं पाचट किंवा बगॅस वापरू नये, त्याने पिल्लांच्या छातीचा आजार होतो. कोंबडी दिवेलागणीनंतर हलवावी, दिवसा हलवली तर जुन्या जागी पळते.

5. दाणा-पाणी जवळ पण टोपल्याबाहेर ठेवावं, म्हणजे ती रोज उठेल. शेजारी राख-मातीचा ढीग ठेवावा, त्यात लोळून ती अंगावरच्या पिसवा झाडते. शेतातली कीटकनाशक पावडर कोंबडीवर अगर टोपल्यात कदापि टाकू नये.

6. सातव्या रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडी पाहावीत. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं भरलं. स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाकावीत. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या असतील आणि पुष्कळ अंडी रिकामी निघाली, तर भरलेली एकीखाली करून दुसरीला मोकळी करता येते.

7. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. पिल्लू स्वतःच बाहेर येतं. कवच सोलून मदत करायला गेलं की रक्त येऊन ते मरतं.

काही घरांत ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून टोपल्यात खिळा किंवा कोळसा ठेवतात. ठेवायला हरकत नाही, पण गडगडाटाने अंडी नासत नाहीत. वळवाच्या दिवसांत अंडी नासतात ती उकाड्याने आणि शिळेपणाने.

उठवायची असेल तर

पोटाला वारा लागला पाहिजे, एवढंच तत्त्व. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे सुंभाने विणलेली जुनी बाज सावलीत टाकावी आणि तिच्यावर डालगं पालथं घालून आत कोंबडी ठेवावी. खाली पेंढा-पोतं काही नको. खालून वारा लागतो, बसायला ऊब मिळत नाही. तारेच्या जाळीच्या तळाचा पिंजरा चार विटांवर ठेवला तरी चालतो. दाणा-पाणी भरपूर द्यावं. रात्री मात्र मांजर-कुत्र्याच्या भीतीने हे सगळं घरात किंवा बंद पडवीत घ्यावं.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी धरली तर बहुधा तीन-चार दिवसांत ओढ जाते. आठवडाभर बसू दिलेली कोंबडी जास्त दिवस घेते. सोडल्यावर इतर कोंबड्यांबरोबर उकरायला गेली तर काम झालं. सरळ टोपल्याकडे धावली तर आणखी दोन दिवस ठेवावी. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते. तोवर टोपलं रिकामं ठेवावं आणि बाकीच्यांची अंडी रोज उचलावीत. अंड्यांचा ढीग साचलेला दिसला की कोंबडी लवकर खुडूक होते.

हे करू नये

गार पाण्यात बुडवणं, नाकपुड्यांतून पीस ओवणं, पाय बांधून टाकणं, उपाशी ठेवणं हे जुने उपाय सोडून द्यावेत. भिजलेली कोंबडी थंडीत गारठून आजारी पडते, नाकाची जखम चिघळते. आणि बसून बसून आधीच वाळलेल्या कोंबडीला उपाशी ठेवलं तर ती अंड्यावर यायला उलट जास्त दिवस लागतात.

पिल्ले निघाल्यावर

पहिला दिवस पिल्लाला पोटातला बलक पुरतो, घाई नको. मग मका-ज्वारीच्या बारीक कण्या आणि उथळ थाळीत खडे घालून पाणी द्यावं, म्हणजे पिल्लू बुडत नाही. पहिले दोन-तीन आठवडे आईसह डालग्याखाली ठेवावीत. घार आणि कावळा यांचा घास बहुतेक याच दिवसांत होतो. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने द्यावी. पुढच्या मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्याव्यात. शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी लस आणली तर कुपी वाया जात नाही.

शेवटचं सांगणं एवढंच. ज्या दिवशी कोंबडी बसवाल त्या दिवशीची तारीख, अंडी किती आणि एकविसावा दिवस कोणता, हे भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावं. पिल्ले किती निघाली आणि किती जगली तेही त्याखाली लिहावं. उसाच्या वजनाची पावती आपण जपून ठेवतो. कोंबडीचा हिशेब भिंतीवर असला, की पुढच्या खेपेला कोणती बसवायची आणि कोणती उठवायची, हे घरातली माऊली कोणाला न विचारता सांगेल.