उघड्या छताची मोटार

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत मोटारीवर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. तथापि ही मोटार एका रुग्णाची आहे आणि तो रुग्ण स्वतः डॉक्टर आहे; तेवढ्या आधारावर संपादकांनी मला जागा दिली.

बडोदा मेडिकल कॉलेजातील माझा हा वर्गमित्र १९७९ साली इंग्लंडला गेला आणि शेफील्डजवळ कौटुंबिक वैद्य म्हणून निवृत्त झाला. २०१८ मध्ये त्याच्या डाव्या हाताला कंप सुरू झाला. निदान पार्किन्सनचे. ब्रिटनमध्ये हा आजार वाहन-परवाना कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. त्याने तो कळवला आणि त्याला तीन वर्षांपुरता परवाना मिळाला, पुढचे पुढे. २०१९ च्या जूनमध्ये मी त्याच्याकडे उतरलो होतो, तेव्हा तो म्हणाला, "अरे, उघड्या गाडीची हौस लॅम्ब्रेटावरून सुरसागरला चकरा मारायचो तेव्हापासूनची. आता तीनच वर्षे हातात आहेत. तीन गाड्या चालवून बघणार आहे. तू शेजारी बस, पण रस्त्याकडे नको, माझ्याकडे बघ."

आधी छताविषयी. मोटारीचे छत केवळ ऊनपाऊस अडवण्यासाठी असते, असा आपला समज. बुटांचे रिकामे खोके झाकणासकट पिळून पाहावे, ते दाद देत नाही. झाकण काढताच तेच खोके हातात मुरगळते. मोटारीचेही तसेच होते. छत कापले की खड्ड्यावरून जाताना सगळा सांगाडा किंचित पिळवटतो, समोरची काच आणि आरसा थरथरतात, आणि चाके रस्त्याशी नेमकी कशी टेकली आहेत याची जाणीव स्टिअरिंगमधून पुसट होते. उपाय म्हणून दारांखालच्या तुळया जाड कराव्या लागतात, तळाला आडव्या पट्ट्या जोडाव्या लागतात. त्याने वजन वाढते. वजन वाढले की मोठे इंजिन, मोठे ब्रेक, पुन्हा वजन. या दुष्टचक्रातून कोण कसा सुटला, हीच या गाड्यांची खरी तुलना होय. अश्वशक्तीचे आकडे त्या मानाने गौण.

पहिली गाडी पॉर्शे बॉक्सटर, जुन्या पिढीतली, २.७ लिटरची. १९९६ साली आलेल्या या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन आसनांच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले असते. जड ओझे मध्यभागी असल्याने गाडी स्वतःभोवती चटकन वळते. डंबेल्सचे वजन छातीशी धरून गिरकी घेणे आणि हात पसरून घेणे यातला फरक आठवावा. तिचा बांधा भक्कम, आवाज धीरगंभीर. वजन सुमारे सव्वा टन. मित्र म्हणाला, "ही गाडी माझ्यापेक्षा हुशार आहे." हे कौतुक नव्हते.

दुसरी होंडा एस-२०००. होंडाच्या पन्नाशीनिमित्त आखलेली ही गाडी १९९९ ते २००९ या काळात बनली. तिचे दोन लिटरचे इंजिन टर्बोविना २४० च्या आसपास अश्वशक्ती देते आणि मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत फिरते. सहा हजारांच्या सुमारास झडपांची चाल बदलते आणि गाडी जणू अंगात आल्यासारखी धावते. गंमत अशी की त्या उंचीवर पोहोचावे तर दुसऱ्याच गिअरमध्ये वेग ताशी साठ मैलांच्या घरात जातो, आणि ब्रिटनच्या गावाबाहेरच्या, दुभाजक नसलेल्या रस्त्यांवरची मर्यादा तेवढीच आहे. म्हणजे कायदा पाळणाऱ्या माणसाने या गाडीचे उत्तमांग क्वचितच पाहायचे. पस्तिशीत मी हीच घेतली असती.

तिसरी माझदा एमएक्स-५. हिची कुळकथा इंग्लंडशी जुळते. साठीच्या दशकातल्या लोटस एलान, एमजी यांसारख्या हलक्या इंग्रजी गाड्या नामशेष होत असताना बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने १९७९ साली माझदाच्या केनिची यामामोतो यांना तशी गाडी काढण्याचे सुचवले. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात ती अवतरली; २०१६ पर्यंत दहा लाख बनल्या. तोशिहिको हिराई या प्रमुख अभियंत्याने घोडेस्वार आणि घोडा एकजीव असावेत, या अर्थाचा जपानी शब्दप्रयोग पायाभूत मानला. आम्ही चालवली ती दीड लिटरची: १३० च्या आसपास अश्वशक्ती, वजन जेमतेम एक टन. खराब रस्त्यावर आरसा हिच्यात सर्वांत जास्त थरथरला, हेही नोंदवले पाहिजे. वारा समोरून न येता मानेमागून येतो. काचेमागे हवेचा दाब कमी होऊन ती उलटी फिरते, त्यामुळे टोपी हवीच.

स्नेक पास हा शेफील्डकडून ग्लॉसपकडे जाणारा डोंगररस्ता, वळणावळणाचा. तिथे मी माझे नेमून दिलेले काम केले. ब्रिटनमध्ये चालक उजवीकडे, म्हणजे गिअर डाव्या हाताने. तोच त्याचा कंपाचा हात, नेमका माझ्या बाजूला. मांडीवर असताना अंगठा आणि तर्जनी गोळी वळत होती. दांड्यावर हात गेला की कंप थांबे. आपणा सर्वांना हे पाठ आहे: हा विश्रांतीतला कंप, हेतुपूर्वक हालचाल सुरू झाली की ओसरतो. परंतु मनगटाच्या लहानशा झटक्याने गिअर पडावा आणि तो पुन्हापुन्हा बदलावासा वाटावा, अशी गाडी त्या तिघींत ही एकच होती. चाळीस मैलांच्या वेगातही तिच्यात करण्यासारखे पुष्कळ होते.

संध्याकाळी वहिनींनी विचारले, "ऑटोमॅटिक का नाही घेत? क्लचचा त्रास तरी वाचेल." त्यांचे म्हणणे रास्त होते, क्लच डाव्या पायाचा, आणि आजारही डाव्या बाजूचा. मित्र म्हणाला, "पाय अडला की घेईन. तोवर या हाताला काम राहू दे." वहिनी गप्प राहिल्या. मीही.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी पुन्हा मागून घेतली. लेडीबोअर जलाशयाजवळ पाऊस आला. त्याने गाडी कडेला घेतली, मागे हात टाकून कापडी छत ओढले आणि काचेवरची कडी बसवली. या गाडीचे छत बसल्या जागेवरून एका हाताने लागते. त्याने ते डाव्याने लावले.