चौथीनंतरची नवी शाळा आणि मुलांच्या मनावरील ताण

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे, वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास असंख्य मुलांना गावातली शाळा सोडून शेजारच्या मोठ्या गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या हायस्कुलात प्रवेश घ्यावा लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक शिक्षणाचा टप्पा मानला असला, तरी पुष्कळ ठिकाणी हा सांधा अजूनही चौथी आणि पाचवीच्या मध्येच राहिला आहे. जूनच्या मध्यावर, आणि विदर्भात उन्हामुळे काहीशा उशिराने, शाळा उघडतात तेव्हा या मुलांच्या घरी गणवेश, दप्तर आणि वह्यांची खरेदी झालेली असते. परंतु मुलाच्या मनाची तयारी करून घेण्याचे काम कोणी आपले मानत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

बदल किती मोठा असतो, हे मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गावच्या शाळेत एकच गुरुजी किंवा बाई सर्व विषय शिकवतात, बहुतेकदा दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात, आणि शिक्षकाला मुलाचे घर, भावंडे व शेतसुद्धा ठाऊक असते. हायस्कुलात तासागणिक शिक्षक बदलतात, वर्गाला अ, ब, क अशा तुकड्या पडतात, हजेरीपटावरील नाव वाचणाऱ्याला तो चेहरा ओळखू यायला काही आठवडे लागतात. आणि शाळा सेमी-इंग्रजी असेल, तर कालपर्यंत मराठीत येत असलेले गणित एकाएकी परक्या शब्दांत समोर येते, त्यामुळे हुशार मुलालाही आपल्याला काहीच येत नाही असे वाटू लागते. ग्रामीण भागातील मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो, ही मोठी सोय आहे. पण एकटीने बसमध्ये चढण्याची आणि ती चुकली तर काय, याची धास्ती पासाने जात नाही. मुलांच्या काळज्या अशा ठोस असतात: डबा कोणाबरोबर खायचा, स्वच्छतागृह कोठे आहे, तेथे जाण्याची परवानगी कोणाला मागायची, मोठ्याने वाचायला उभे केले आणि सगळे हसले तर काय करायचे. ‘मन लावून अभ्यास कर’ या उपदेशात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसते.

या काळात शरीरात जे घडते ते समजून घेणे पालकांना उपयोगी ठरेल. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भीतीच्या प्रसंगी प्राण्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सज्ज होते, याचे विवेचन केले. मेंदूला धोका जाणवताच अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला तातडीने सावध करणारे मज्जातंतूंचे जाळे, कामाला लागते. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, तळहातांना घाम येतो, आणि रक्त स्नायूंकडे वळल्यामुळे पचन मंदावते. सकाळी शाळेच्या वेळी दुखणारे आणि रविवारी न दुखणारे पोट बहुधा याच क्रियेचा परिणाम असते, म्हणून त्याला नाटक ठरवणे चुकीचे आहे; कारण मनात असले तरी दुखणे खरेच असते.

मात्र त्या दुखण्यामुळे मुलाला वरचेवर घरी ठेवणे हा उपाय नव्हे. भीती वाटणारी गोष्ट टाळली की लगेच सुटल्यासारखे वाटते, त्या सुटकेतून टाळण्याची सवय पक्की होते, आणि शाळा आपल्याला वाटली तितकी भयंकर नाही हे अनुभवण्याची संधीच मुलाला मिळत नाही. याउलट, त्याच ठिकाणी पुन्हापुन्हा सुखरूप जाऊन आल्यावर मेंदू त्या जागेला धोका मानणे हळूहळू सोडतो. म्हणूनच शाळा उघडण्यापूर्वी मुलाला एकदा तेथे नेऊन वर्ग, पाण्याची जागा, स्वच्छतागृह आणि बसथांबा दाखवणे, गावातून त्याच शाळेत जाणाऱ्या एखाद्या ताई-दादाशी गाठ घालून देणे, असे साधे उपाय फार मोलाचे ठरतात. श्वास सावकाश, विशेषतः लांबवून, बाहेर सोडला की शरीराला शांत करणारी परानुकंपी चेतासंस्था सक्रिय होते आणि ठोके मंदावतात, हेही मुलाला शिकवून ठेवावे. आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, याचा विसर पडू देऊ नये.

शाळेच्या हाती याहूनही प्रभावी साधन आहे. अमेरिकेतील मॅडिसन शहराच्या अकरा शाळांत, नव्या शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या सहावीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यालाही सुरुवातीला येथे परके वाटत होते, पण काही काळाने मित्र मिळाले आणि शिक्षक मदत करतात हे कळले, अशा आशयाची आधीच्या विद्यार्थ्यांची मनोगते काही मुलांना वाचायला देण्यात आली आणि त्यावर स्वतःचे विचार लिहायला सांगण्यात आले. इतर मुलांनी वेगळ्याच विषयांवर लिहिले. पहिल्या गटातील मुलांची उपस्थिती वर्षभरात अधिक राहिली, शिस्तभंगाचे प्रसंग घटले आणि नापास होण्याचे प्रमाणही कमी झाले. मानसशास्त्रात याला पुनर्मूल्यांकन म्हणतात, म्हणजे परिस्थिती तीच असताना तिचा लावलेला अर्थ बदलणे: ‘मी इथला नाही’ या निष्कर्षाच्या जागी ‘सुरुवातीला सर्वांनाच असे वाटते आणि ते ओसरते’ ही समजूत येणे. यासाठी समुपदेशकाचे पद किंवा अनुदान लागत नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात सहावीतली चार मुले पाचवीच्या वर्गात आणून त्यांना आपला गेल्या वर्षीचा अनुभव सांगू द्यावा, एवढे प्रत्येक मुख्याध्यापकाला करता येईल आणि त्यांनी ते करावे.

नवोदय विद्यालयात सहावीला किंवा आश्रमशाळेत त्याहूनही लहान वयात दाखल होणाऱ्या मुलांना शाळेबरोबर घरही सुटल्याचा ताण सोसावा लागतो, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांना तर हंगामामुळे वर्षाच्या मध्येच शाळा बदलावी लागते. त्यांच्याकडे शिक्षकांनी अधिक लक्ष देणे आवश्यक आहे.

प्रत्येक भीती कल्पित नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मोठी मुले त्रास देत असतील किंवा शिक्षक मारत असतील, तर श्वासाचे व्यायाम सांगणे हा अन्याय ठरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई आहे, आणि पालकांनी याबाबत निःसंकोच तक्रार करावी. पहिल्या काही आठवड्यांनंतरही मूल शाळेत जायला ठामपणे नकार देत असेल, जेवण-झोप बिघडली असेल किंवा बोलणे कमी झाले असेल, तर पालकांनी टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मराठीतही आणि चोवीस तास उपलब्ध आहे.