चष्मा बदलूनही दिसणं सुधारत नाही तेव्हा

कॉलेजच्या वयात चष्म्याचा सिलिंडर नंबर सारखा वाढतोय, नव्या चष्म्यातही अक्षरांना सावली दिसतेय, रात्री समोरच्या गाडीचा दिवा पसरतोय, असं असेल तर केरॅटोकोनसची तपासणी करून घ्या. या आजारात कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो.

जालन्याच्या कोरड्या उन्हाधुळीत ॲलर्जीने डोळे खाजतात आणि मुलं ते चोळत राहतात. चोळण्याने आजार बळावतो. म्हणून आधी खाजेवर डॉक्टरांकडून औषध घ्या. माझ्या मते हे सर्वांत निकडीचं. निदान टोपोग्राफीने, म्हणजे कॉर्नियाच्या नकाशाने होतं. जालन्यात श्री गणपती नेत्रालयासारखं मोठं नेत्र रुग्णालय आहे, ही अंबड-परतूरकरांची मोठी सोय.

जर्मनीत ड्रेस्डेनला विकसित झालेली क्रॉसलिंकिंग ही उपचारपद्धत रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून बहुतेकांचा आजार थोपवते. गेलेली नजर मात्र तिने क्वचितच पुरती परतते. स्पष्ट दिसण्यासाठी कडक आरजीपी लेन्स लागते. ती टोचत असेल तर स्क्लेरल लेन्स: ही डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मधला सलाइनचा थर कॉर्नियाचा उंचसखलपणा भरून काढतो. योग्य माप बसायला अनेक फेऱ्या होतात. धीर सोडू नका. चष्मा घालवणारी लेसिक ही लेसर शस्त्रक्रिया मात्र टाळायचीच. आणि लेन्स साठवणीच्या किंवा नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका. त्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाने कॉर्नियाला गंभीर संसर्ग होऊ शकतो.