बाळाला लळा कसा लागतो

भुकेल्या बाळाला दूध मिळाले की बरे वाटते. हे त्याला शिकवावे लागत नाही. पण दूध एकटे येत नाही. त्याच्याबरोबर आईचा वास येतो, अंगाची ऊब येते, बांगड्यांचा आवाज येतो. दिवसातून अनेकदा हे जुळत गेले की पुढे नुसत्या बांगड्या वाजल्या तरी रडणारे बाळ क्षणभर थांबते. पावलॉव्हच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांना अन्नाच्या आधीच्या खुणेनेच लाळ सुटे, तोच हा प्रकार. मानसशास्त्रात याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

मोठी माणसेही शिकत असतात. रडले की कोणीतरी उचलते, म्हणून बाळ पुन्हा रडते. उचलले की रडे थांबते, म्हणून मोठे माणूस पुन्हा उचलते. हे साधक अभिसंधान. जॉन डोलार्ड आणि नील मिलर यांनी १९५०मध्ये लळ्याची मांडणी याच धर्तीवर केली: भूक ही मूळ प्रेरणा, आणि ती भागवणाऱ्याची ओढ ही त्यातून शिकलेली दुय्यम प्रेरणा.

ही मांडणी कुठे अपुरी पडते, ते बीड जिल्ह्यात सहज दिसते. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची आगाऊ उचल कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली असते. त्यामुळे अंगावर पिणारे बाळही फडावर जाते. आई मोळ्या बांधते, गाडी भरते. बाळ जुन्या लुगड्याच्या झोळीत असते आणि झोका देते थोरली बहीण. तिच्यापाशी दूध नाही, तरी बाळाला तिचाही लळा लागतो.

हॅरी हार्लो यांनी १९५८मध्ये हेच माकडांच्या पिलांवर दाखवले. दूध तारेच्या कृत्रिम आईपाशी ठेवले, तरी पिले मऊ कापडाच्या कृत्रिम आईलाच बिलगून राहिली. ग्लासगोतल्या ६० बाळांच्या पाहणीत (१९६४) रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांना सुमारे ३९ टक्के बाळांना सर्वाधिक लळा मुख्यत्वे सांभाळ करणाऱ्या व्यक्तीचा नसल्याचे आढळले. हाकेला ओ कोण देते, कोण खेळवते, यावर बरेच अवलंबून होते.

‘सारखे उचलू नये, हाताची सवय लागते’ असे घरोघरी सांगतात. साधक अभिसंधानाचा सरळ हिशेबही तेच सांगतो. पण सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांना १९७२मध्ये उलट आढळले: पहिल्या महिन्यांत रडण्याला लगेच प्रतिसाद मिळालेली बाळे वर्षाअखेरीस कमी रडत. पुढे या निष्कर्षावर वाद झाला. तरी उत्तर मिळते हे कळलेल्या बाळाला हुंकार, हातवारे अशा दुसऱ्या खुणाही पुरतात, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे.

सात-आठ महिन्यांनंतर परक्याची भीती वाटू लागते. दूध सुटलेले मूल आजीपाशी ठेवून आई हंगामाला गेली, तर परतल्यावर ते तिच्याकडे जायला बिचकते. न्हाऊ घालणे, भरवणे, निजवणे असे रोजचे सगळे पुन्हा घडत गेले की ओळख जुळते. त्यासाठी आजीला दूर सारण्याचे कारण नाही. ग्लासगोच्या पाहणीतही दीड वर्षाच्या बहुतेक मुलांना एकाहून अधिक माणसांचा लळा होता.