मगनवाडीतला ख्रिस्ताचा हिशेबनीस

वर्ध्याहून नागपूरला निघालं की धाम नदीच्या काठी पवनार लागतं. १९३८ साली प्रकृतीच्या कारणाने विनोबा इथे राहायला आले आणि पुढे गाव त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. नदीपात्रात गांधीजींच्या रक्षाविसर्जनाची खूण आहे, आश्रमात जमिनीतून निघालेली जुनी शिल्पं आहेत. सहलीच्या बस इथे हमखास थांबतात. त्याच रस्त्याने सेलू, केळझर ओलांडलं की सेलडोह येतं. तिथे मात्र कुणी उतरत नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला या गावात पन्नई आश्रम थाटून एक साठीला टेकलेला तमिळ ख्रिस्ती गृहस्थ शेतीचे प्रयोग करत होता. त्याचं नाव जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा. गांधीयुगातला हा बिनबंदुकीचा शिपाईगडी. उमेदीची वर्षं त्याने वर्ध्याला दिली आणि वर्धेकरांनी त्याला जवळजवळ विसरून टाकलं.

जन्म ४ जानेवारी १८९२चा, तंजावरचा. घर कडक ख्रिस्ती शिस्तीचं, आडनाव कॉर्नेलियस. कुमारप्पा हे घराण्यातलं जुनं नाव जोसेफ आणि धाकटे बंधू भारतन यांनी पुढे घेतलं. जोसेफ लंडनला जाऊन हिशेब तपासनीस झाले, मुंबईत पेढी चालवली, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिगमन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकले. हिंदुस्थान गरीब का, हे सरकारी जमाखर्चात शोधता शोधता या साहेबी थाटाच्या माणसाचं साम्राज्यावरचं मन उडालं.

९ मे १९२९ला ते आपला प्रबंध घेऊन साबरमतीला गेले. ठरलेल्या वेळेच्या आधीच पोचले होते. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. कुमारप्पा काठीवर रेलून उभे राहिले. म्हाताऱ्यानेच विचारलं, कुमारप्पा तुम्हीच का? तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की गांधी ते हेच. इस्त्रीच्या रेशमी पाटलोणीची पर्वा न करता ते तिथेच मांडी घालून बसले. कुणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही. तिथून निघाले ते खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचं काम अंगावर घेऊनच.

पुढे 'यंग इंडिया'तल्या लिखाणापायी तुरुंग आला, नाशिकच्या तुरुंगातही दिवस काढावे लागले. पण माझ्या मते त्यांची खरी ओळख पटते ती १९३४च्या बिहार भूकंपानंतर. मदतनिधीच्या हिशेबाची जबाबदारी त्यांच्यावर होती. स्वयंसेवकांच्या रोजच्या खाण्याला काही आण्यांची मर्यादा त्यांनी घालून दिलेली. गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले, तेव्हा त्यांच्या दूधफळांचा खर्च या निधीतून होणार नाही, असं कुमारप्पांनी साफ सांगितलं. भेटीची वेळ आधी न ठरवता आलेल्यांना ते भेटत नसत. हा नियम त्यांनी गांधीजींनाही लावला. माणूस रागीटच होता, हे त्यांचे चाहतेही नाकारत नाहीत. पण ज्याने आपल्या गुरूच्या दुधाचाही हिशेब मागितला, त्याच्या हाती लोकांनी डोळे झाकून पैसा द्यावा.

त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेला मगनलाल गांधींच्या आठवणीने मगनवाडी नाव मिळालं आणि कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, साबण, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप असा सगळा पसारा तिथे उभा राहिला. गिरणीत पॉलिश झालेला तांदूळ सत्त्वहीन होतो, हे ते लोकांना पुनःपुन्हा बजावत. १९३८च्या अखेरीस गांधीजींनी मगन संग्रहालय खुलं केलं. भारतनही मदतीला होते. धर्मशास्त्र शिकलेले हे बंधू पुढे गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे पहिले मुख्य संपादक झाले.

ख्रिस्त आणि ही घाणी यांचा संबंध काय? कुमारप्पांनी तो कोकोच्या पेल्यात दाखवला. कोको आफ्रिकेच्या मळ्यात सक्तीच्या मजुरीने पिकतो, आरमाराच्या धाकातल्या वाटांनी येतो, कारखान्यात कमी मजुरीवर तयार होतो. मग तो विकत घेणारा या प्रत्येक पापाचा वाटेकरी ठरतो. वस्तूबरोबर तिच्यामागची हिंसाही घरात येते. शेजाऱ्यावर प्रेम करायचं म्हणजे काय, याचं त्यांचं उत्तर बाजारहाटापर्यंत जाऊन पोचायचं. सत्याग्रहावर टीका करणारे कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी त्यांनी येशूच्याच शिकवणुकीच्या आधारे वाद घातला. सरकारच्या बाजूने उभं राहणारं चर्च त्यांना मान्य नव्हतं, पण म्हणून ख्रिस्ताला त्यांनी कधी सोडलं नाही.

बेचाळीसच्या चळवळीनंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या आचरणावर आणि उपदेशावर, दुसरं शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींच्या प्रस्तावना आहेत. धर्मशास्त्राचे आणि ग्रामोद्योगाचे डॉक्टर, अशा दोन पदव्याही गांधीजींनी त्यांना खुशीत देऊन टाकल्या. दुसऱ्या पुस्तकात अर्थव्यवस्थांच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली दुसऱ्याला मारून जगणारा वाघ. मग आयतं खाणारं माकड, स्वतःचं घरटं बांधणारा पक्षी, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी. सगळ्यात वर आहे ती पिलांना भरवणारी आई, जी बदल्यात काही मागत नाही. हे लिहिणाऱ्याने स्वतः लग्न केलं नव्हतं. तरी पूर्ण अर्थशास्त्राचं टोक त्याला घरातल्या मायेत दिसलं, हे मला फार बोलकं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर ते काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचे अध्यक्ष झाले. जमीन कसणाऱ्याची असावी, धारणेला मर्यादा असावी, असा समितीचा रोख होता. अहवाल १९४९ साली आला. दिल्लीचं लक्ष मोठ्या कारखान्यांकडे होतं, म्हणून कुमारप्पा सेलडोहच्या मातीत उतरले. याच सुमारास पवनारला विनोबांचा कांचनमुक्तीचा प्रयोग चालला होता. एकाच रस्त्यावर दोन शेतं, दोघांनाही पैशाच्या जाचातून सुटका हवी होती. विनोबा भूदानासाठी चालत निघाले आणि देशभर पोचले. कुमारप्पांना तब्येतीने साथ दिली नाही. ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला, गांधी निकेतन आश्रमात गेले. १९५७ साली भारतन गेले. ३० जानेवारी १९६०ला मद्रासमध्ये जोसेफही गेले. तारीख गांधीजींच्या पुण्यतिथीचीच, त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी वर्ध्यात भाषणं होतात ती गांधीजींवर.